विठाबाईची उशी

न्हाई, मारण्याबद्दल माझं काई म्हणणं न्हाई. मशीन म्हटलं की ते मार खाणारच, आपल्या शिरूर-घोडनदीत कुणाचा रेडू थापडेबिगर लागलाय? कुणाच्या टीव्हीतली मानसं बुक्कीबिगर सरळ झाल्यात? पण सहा महिने, तुम्हाला सांगतो, सहा महिने एका घरातल्या चार मानसांनी एका गरीब मशीनला लाथा घालायच्या, लाटणं हाणायचं, वरवंटा हाणायचा, आन् एवढं हाणूनमारून कपडे? कपडे ओलेच.

कुणाचं काय इचारता, सम्राटचं. आपला म्हाळूबाचा थोरला, रांजणगावच्या एका कंपनीत गोऱ्या सायबाच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यो सायब अमेरिकेचा, हितं शिरूरात बंगला भाड्यानं घेऊन ऱ्हायला व्हता, आन् त्यानं येताना तिकडनं कपडे वाळवायचं मशीन आणलं व्हतं. आता तुमीच सांगा, शिरूरात? अवो, आपल्याकडं चैतात चादर दोरीवर टाकली तर दुसरं टोक टाकूस्तर पयलं टोक वाळतंय, आन् त्याला वाळवायला गॅसची भट्टी पायजे. पण सायबीण म्हणायची उन्हात कापडाचा रंग जातो. तिचा सोताचा रंग तेवढा मेपातूर तांबड्या भोपळ्याचा झाला व्हता, त्ये जाऊ द्या. दोन वर्सामागं सायब गाशा गुंडाळून निघाला, आन् ह्ये धूड परत न्यायचं कोण, म्हणून सम्राटच्या खांद्यावर हात ठिवून म्हणला, “संराट, यू टेक.” सम्राटनं टेक केलं. टेंपोत टाकून वाजतगाजत गल्लीत आणलं आन् मोरीच्या भिंतीला लावलं.

मशीन तसं सादं. खाली गॅसची शेगडी, वर पोकळ पिंप. पिंपात पिळलेले कपडे टाकायचे, पिंप फिरतंय, मागचा पंखा गरम हवा कपड्यातनं वढून घेतोय आन् भिंतीतल्या नळीतनं पल्याड बोळात फेकतोय. कपड्याचा जो बारीक कापूस निघतो, त्यो दाराजवळच्या जाळीत अडकतो. सायबानं जाताना त्याला तीनतीनदा बजावलेलं, “एव्हरी टाइम, संराट, क्लीन! एव्हरी टाइम!” आन् तुम्हाला खोटं वाटंल, पण सम्राटनं त्यो सबूद पाळला. अंघोळ चुकंल पण जाळी चुकायची न्हाई. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघायचा, पट्टा बघायचा, कपड्याच्या खिशातनं चिल्लर काढायचा. एवढी निगा त्यानं बायकोची केली असती तर राजश्री माहेरी गेली नसती, चार दिवस.

आन् जाळीतला कापूस? त्यो टाकायचा न्हाई. त्यो आईला द्यायचा. आई म्हंजी विठाबाई. म्हातारीला कचऱ्यात काई गेलेलं बघवत न्हाई, आन् ह्यो तर मऊसूत कापूस, फुकटचा. तिनं पयल्याच दिशी फर्मान काढलं, “ह्याची मी करुणाची उशी करणार. मी लग्न होऊन आले तवा उशाला ईट व्हती, फडक्यात गुंडाळल्याली. माझी लेक घरच्या कापसावर डोकं ठिवंल.” करुणा म्हंजी सम्राटची धाकटी बहीण, डीएड झाल्याली. सम्राट रोज जाळी साफ करून मूठभर भुरका आईच्या हातावर ठिवायचा. म्हातारी त्ये बोटानं चाचपायची आन् म्हणायची, “एवढंच? आरं, एवढ्यानं उशी कवा भरायची? माझी नातवंडं म्हातारी व्हतील.”

बरं, वर्सभर मशीन गुणानं चाललं. मंग गेल्या दिवाळीच्या टायमाला बिघडलं. म्हंजी कसं, पिंप फिरायचं, पंखा फिरायचा, खालचा जाळ पेटायचा भप करून… आन् पाच मिंटात इझायचा. नुसतं गार पिंप गरगरा फिरतंय. तासाभरानं दार उघडावं तर कपडे ओलेच.

पयली लाथ राजश्रीची. तिचं बी बरुबर व्हतं, गॅसची टाकी महिन्यातनं एकदा मिळायची, ती ह्या मशीननं पंधरा दिसात पिऊन टाकायची आन् मंग ती बिचारी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायची. डोळं लाल झाल्याली ती उठली, पदर खवला आन् मशीनच्या कुशीत अशी लाथ हाणली की वरची निळीची बाटली खाली पडली. आन् तुम्हाला सांगतो, जाळ पेटला! भप.  सम्राट म्हणला, “परत मार.” ती म्हणली, “आता कशाला, पेटलंय की.” तो म्हणला, “न्हाई, कुठं मारलं त्ये बघून ठिवू दे.” त्यानं खडूनं तिथं गोल काढला.

झालं, तितनं त्या मशीनचं नशीब फुटलं. जाळ इझला की लाथ. सम्राट बुटानं, राजश्री लाटण्यानं, करुणा दोन्ही हातानं ढकलून, आन् विठाबाई, सत्तरी गाठल्याली बाई, वरवंट्यानं. हाणायची आन् वर बोलायची, “खातंस तेवढं काम करायला काय हुतंय रं तुला?” शेजारची झुंबरबाई म्हस दावणीला सोडून भिंतीवरनं बघायची आन् इचारायची, “कुणाला मारतायसा वं?” सम्राट म्हणायचा, “ड्रायरला.” ती म्हणायची, “मारा, मारा, मला वाटलं सुनंला.” पाच-सात दणके दिले, धा मिंटं गेली, की पेटायचं. पाच मिंटात परत इझायचं. गोलाच्या जागी पत्रा असा आत गेला की त्यात वाटी बसंल. आन् कपडे? ओलेच.

बरं, नुसतंच मारलं का? न्हाई. सम्राटनं सगळं करून बघितलं. रेग्युलेटर बदलला. नळी बदलली. ठिणगी पाडणारी काडी घासूनपुसून लख्ख केली. जाळी तर दातकोरण्यानं साफ केली. कंपनीतल्या बॉयलरवरच्या पोराला चा पाजून आणला, त्यानं मशीनला कान लावून सांगितलं, “दम कोंडतोय.” म्हणजे काय, सम्राटला कळलं न्हाई. बॉयलरवाल्याला बी कळलं नसावं, कारण त्यो दुसरा चा पिऊन निघून गेला. फकस्त एक जागा ऱ्हायली बघायची, भिंतीपल्याडचा बोळ, जिथं नळीचं तोंड निघायचं. पण त्या बोळात झुंबरबाईची म्हस, म्हशीचं शेण आन् सगळ्या गल्लीची गटार. तिथं सम्राट कशाला जातोय? तिथं एकच माणूस जायचं, विठाबाई, गवऱ्या थापाय.

आता खरं दुखणं सांगतो. करुणाचं लग्न ठरलं, दौंडला, मे महिन्यात, रविवारचं, सकाळी धाला. आन् विठाबाईच्या ट्रंकेत एक लुगडं व्हतं, पांढरं, निळ्या काठाचं, तिच्या सोताच्या लग्नातलं. आपल्या समाजात नवरीनं पांढरं नेसायचं, आन् म्हाळूबा मागल्या वर्सी गेला तवा जाताना सम्राटचा हात धरून म्हणला व्हता, “पोरगी ह्याच लुगड्यात उभी करा. मी नसंन, लुगडं असू द्या.” सम्राट रडला व्हता तवा, मी बघितलंय. हजार रुपयाची नवी साडी घेणं त्याला अवघड नव्हतं. पण बापाला दिल्याला सबूद बाजारात मिळतो का?

शनवारी दुपारी लुगडं ट्रंकेतनं काढलं तर पिवळं पडल्यालं, डांबरगोळ्याचा वास मारतंय. राजश्रीनं धुतलं, निळीत बुडवलं, दोरीवर घातलं, आन् चार वाजता आलं की अवकाळी! गारा. दोरी तुटली, मांडव बसला, लुगडं चिप्प. सहाला लाइट जाणार, लोडशेडिंग, ती उद्या दुपारच्याला येणार, म्हंजी वाळवायचं बी सहाच्या आत आन् इस्त्री बी सहाच्या आत. घरात दौंडकडचे, केंदूरकडचे मिळून तीस पाव्हणे, त्यांचेच ओले सदरे खुट्ट्याखुट्ट्यावर लोंबतायत. सम्राट म्हणला, “घरात एवढं मशीन असताना रडताय कशाला?” लुगडं पिंपात टाकलं, बटण दाबलं. भप. पाच मिंटं. गार.

मंग जो मार सुरू झाला… सम्राटनं बूट फाटूस्तर लाथा घातल्या. राजश्रीनं लाटणं मोडलं, मोडल्यावर पोळपाट घेतला. विठाबाई पाव्हण्यातनं वाट काढीत वरवंटा घिऊन आली. साडेचार झाले, पावणेपाच झाले, पाव्हणे गोल करून उभे, ज्याला त्याला एक लाथ घालायची हौस, एकानं तर लांबनं पळत येऊन घातली आन् सोताच पाय धरून बसला. लुगडं ओलंच.

तेवढ्यात मामा उठला. तात्याबा मामा, विठाबाईचा धाकटा भाऊ, दौंडला रेल्वेत फिटर, मिशी अशी पिळदार की दोन लिंबं राहतील. इतका येळ तो बाजंवर बसून चा पीत सगळं बघत व्हता. म्हणला, “सरका. हिंजनं जोडल्यात म्या. ह्ये तर पिंप हाय.” सम्राट म्हणला, “मामा, सायब म्हणला व्हता आत हात घालू नका.” मामा म्हणला, “भाच्या, तुझा सायब रेल्वेत व्हता का?” मागचा पत्रा काढला, आत बघितलं, आन् एक बारकी डबी शोधून काढली, दोन वायरी लागल्याली. “ही बघ. हवा लय तापली की ही जाळ बंद करती. ही डबीच तुझी वैरीण. डायरेक्ट करतो.” आन् दातानं वायर सोलून त्यानं ती डबी उपटली, दोन वायरी एकाला एक पिळल्या, डायरेक्ट.

आता ती डबी कशासाठी लावल्याली असंल, असं एकाबी पाव्हण्याच्या डोक्यात आलं न्हाई. तीस मानसं व्हती.

सम्राटच्या डोक्यात मातूर आलं. त्यो म्हणला, “मामा, काढा ती वायर, माझ्या आईचं लुगडं हाय आत.” मामा म्हणला, “माझ्या भणीचं हाय.” ह्यानं मामाचा हात धरला, मामानं ह्याची कॉलर धरली. ह्यानं ढकललं, मामानं कानफटात दिली, तशी दोघं मोरीतल्या पाण्यात पडली, आन् लग्नघरात, नवरीच्या भावाची आन् मामाची, मशीनपुढं उलटीपालटी कुस्ती सुरू. राजश्री पोळपाटानं दोघांना हाणतीय, कुणाला लागतंय त्याचा हिशेब न्हाई. “सोडा वं, पाव्हणे बघतायत!” पाव्हणे सोडवत नव्हते, जागा धरीत व्हते. आन् तिकडं जाळ पेटल्याला, भप, आन् ह्या खेपेला इझला न्हाई. पाच मिंटं झाली, इझला न्हाई. धा झाली. पत्रा कडकड करायला लागला. करुणा बारीक आवाजात म्हणली, “दादा, जळका वास येतोय.”

राजश्रीनं पोळपाट टाकून दार उघडलं, लुगड्याचा गोळा वढून भाईर काढला, आन् तेवढ्यात…

धाड!

मशीनमधी न्हाई. भिंतीपल्याड, बोळात. मागच्या उघड्या पत्र्यातनं एक जाळ आत बी आला आन् मामाची डावी मिशी घिऊन गेला. पण खरा बार बोळात झाला. नळीच्या तोंडातनं एक पेटल्याला गोळा सुटला त्यो थेट झुंबरबाईच्या म्हशीच्या ढुंगणावर. म्हशीनं दावं तोडलं. बोळातनं निघाली ती परसात, परसातनं मागल्या दारानं घरात, तीस पाव्हणे जमलं तिथं चढले, एक जण तर फळीवर डब्यांच्या मधी बसला, राजश्री पडली, लुगडं पडलं, आन् म्हस त्या लुगड्यावरनं, शेणानं भरल्याल्या चारी पायांनी, पुढल्या दारानं रस्त्यावर. मागनं झुंबरबाई काठी घिऊन, “माझी गाभण म्हस” म्हणत, वाटंत येईल त्याला हाणीत. दोन फटके मला बी बसले, माझा काय संबंध?

आन् ह्या सगळ्यात विठाबाई कुठं? तिनं लेकाकडं बघितलं न्हाई, मिशी जळल्याल्या भावाकडं बघितलं न्हाई. ती गेली बोळात, गटारीत बसली, एक जळका चिंधीचा तुकडा उचलला आन् छाती बडवून म्हणाली, “माझी उशी जळाली गं बाय.”

सम्राट नाकातलं रक्त पुशीत तिथं गेला. बघतो तर म्हातारीच्या हातात सायबाचा पायमोजा. गुडघ्यापातूरचा, लोकरीचा, सायब जाताना टाकून गेल्याला. “आये, ह्ये काय?” तशी म्हातारी रडत सांगायला लागली, की बाबा, तुझ्या जाळीत मूठभर कापूस यायचा. मला वाटलं बाकीचा नळीतनं वाया जातोय. म्हणून दिवाळीच्या टायमाला मी ह्यो मोजा नळीच्या तोंडाला बांधला. आठ दिसानं सोडायची, उशीत भरायची, परत बांधायची. लय निघायचा रं, लय मऊ. ह्या पंधरा दिसात लग्नाच्या गडबडीत सोडायचा ऱ्हायला.

दिवाळीच्या टायमाला. ऐकताय ना? दिवाळीपासनं त्या मशीनचं तोंड बांधून ठेवल्यालं. हवा जायला वाट न्हाई, आत तापायचं, तापलं की ती डबी जाळ बंद करायची, गार झालं की परत पेटायचं. लाथंनं न्हाई पेटत व्हतं ते. लाथा मारून आपण दमूस्तर ते गार व्हायचं, म्हणून पेटायचं. सहा महिने मुकं मशीन तोंड बांधून मार खात व्हतं. मारणाऱ्यात म्हातारी पुढं, वरवंटा घिऊन.

सम्राट आत आला, मशीनपुढं उभा ऱ्हायला. त्या खडूच्या गोलावर त्यानं हात फिरवला. मला वाटलं आता त्यो आईला बोलणार, मामाला बोलणार. पण त्यो खाली बसला आन् शेणानं भरल्यालं लुगडं उचलून मांडीवर घेतलं. काठाला एका जागी करपून तांबूस डाग पडला व्हता. “आप्पाला काय सांगू,” म्हणला. आप्पा म्हंजी म्हाळूबा, बाप. लाइट गेली तवा बरोबर सहा वाजले व्हते.

नळाला पाणी पहाटं पाचला. करुणानं सोता उठून लुगडं धुतलं, सोताच्या लग्नाचं. सहाला टेंपो दारात. आन् लुगडं? ओलंच. सम्राट म्हणला, “वाटंत न्हावऱ्याला दुकान उघडलं असंल तर नवी साडी घिऊ.” करुणा म्हणली, “दादा, मी ह्याच लुगड्यात उभी ऱ्हाणार. ओलं तर ओलं.”

मंग टेंपोत काय झालं त्ये सांगतो. मामानं, अर्ध्या मिशीच्या मामानं, टपावरनं लुगड्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक सम्राटनं मागनं धरलं. काल ज्यांनी एकमेकांच्या थोबाडात दिल्या ती दोघं समोरासमोर. मधी लुगडं, आन् वर शिरूरचं मे महिन्याचं ऊन, वारा फडाफडा. न्हावरं यायच्या आत, तुम्हाला सांगतो, गॅस न्हाई, लाइट न्हाई, लाथ न्हाई… लुगडं कडकडीत वाळलं. सम्राट त्याला गाल लावून बघत व्हता, परत परत, आन् मामा म्हणत व्हता, “आता सोड की रं, वाळलंय त्ये.” त्यो सोडीना.

लग्न झकास झालं. डाग निऱ्यात गेला. मामानं दौंडात उतरल्या उतरल्या उरल्याली मिशी बी काढली, तर सबंध रेल्वे कॉलनी त्याला इचारतीय, कोण गेलं म्हणून. त्रिसरण, पंचशील झालं, हार घातले, आन् पाठवणीच्या टायमाला विठाबाई पुढं आली, काखंत उशी. फुलाफुलाच्या खोळीची, टम्म. लेकीच्या हातात दिली आन् म्हणली, “ह्यात तुझ्या डीएडच्या ड्रेसचा कापूस हाय. दादाच्या खाकीचा हाय. वैनीच्या साडीचा हाय. तुझ्या बापाचा शेवटचा सदरा मी ह्या मशीनातच वाळवला व्हता, त्याचा बी हाय. नीट झोप.” करुणानं उशीत तोंड घातलं ती काढंना. सम्राट मांडवाच्या खांबाकडं तोंड करून उभा ऱ्हायला. लुगडं वाळलं, आन् उशी ओली.

सम्राटनं ठरवलं, बास, उद्या भंगारवाल्याला बोलवायचं. घरी आला, चपला काढल्या. विठाबाई म्हणली, “सम्राट, त्ये मशीन कवा नीट करतोस?” त्यो म्हणला, “कशाला आता?” म्हातारी त्याच्याकडं बघत ऱ्हायली, येड्याकडं बघावं तशी. “आरं, नवरा-बायकोला एक उशी पुरती व्हय? जावयाची ऱ्हायलीय.”

काय करतो सांगा? आईच ती. मामाला बोलावून डबी परत बसवली, नवी नळी घातली. परवा मी त्यांच्या घरावरनं चाललो व्हतो, आतनं राजश्रीचा आवाज आला, “अवो, परत गार पडलं, मारू का लाथ?” सम्राट म्हणला, “थांब, मारू नको त्याला. आधी बोळात बघून येतो.” पायजमा वर खवून गटारीतनं गेला, वाकून बघितलं. सायबाच्या पायमोज्याचा जोड व्हता, दुसरा मोजा… बांधल्याला. त्यानं हात लावला, चाचपला, अर्धा भरला व्हता. गाठ तशीच ठिवली. मंग तसाच परत आला, पाय धुतले आन् बायकोला म्हणला, “कपडे ओलेच घाल दोरीवर.”